पावसाळ्यात फोटो दुधाळ येतायत? कॅमेरा दुकानात नेण्याआधी हे तपासा

जून लागला की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर तीच तक्रार सुरू होते. कुणी ताम्हिणीतून फोटो टाकतं, कुणी माळशेजहून, कुणी आंबोलीहून, आणि खाली ओळ असते, "सगळं पांढरट येतंय, कॅमेरा गेला बहुतेक." मग तो कॅमेरा किंवा मोबाइल फिरत फिरत माझ्याकडे येतो. मी काही दुरुस्तीवाली नाही. पण दर पावसाळ्यात हेच दुखणं बघून बघून ते कुठे असतं हे आता पटकन कळतं. बहुतेक वेळा यंत्र धडधाकट असतं आणि खर्च शून्य रुपये येतो. कधीकधी मात्र खरोखरच मोठं काम निघतं. तेव्हा घरी खटाटोप करणं हाच सगळ्यात महाग पर्याय ठरतो.

खालचा क्रम फुकटातल्या तपासणीपासून खर्चिक तपासणीकडे जाणारा आहे. मधलं काही गाळू नका. घाईघाईने शेवटच्या पायरीवर उडी मारणारेच लेन्स खोलून बसतात.

आधी लक्षणं नीट बघा

"फोटो खराब येतोय" एवढ्यावरून काहीच कळत नाही. फोटो मोबाइलच्या छोट्या पडद्यावर न बघता मोठा करून बघा आणि यातलं नेमकं काय होतंय ते ठरवा.

- सगळा फोटो सारखाच पांढुरका. ओला कातळ, डांबरी रस्ता, काळी छत्री, काहीच काळं दिसत नाही, सगळं राखाडी.
- जवळचं झाड स्वच्छ, पण दरीपलीकडचा डोंगर पुसल्यासारखा.
- दिव्यांभोवती किंवा सूर्याभोवती वलय, किंवा दिव्यातून निघालेली एकाच दिशेची लांब रेघ.
- गाडीतून उतरल्यावर पहिले काही फोटो धुरकट, मग आपोआप बरे.
- अंधुक उजेडात फोटोभर पांढरे गोल फुगे.
- आकाशात काळपट ठिपके, दर फोटोत त्याच जागी.
- घरी आल्यावर, कोरड्या हवेत, दिवसाउजेडीही फोटो तसाच मऊ आणि पांढरट.

या सगळ्यांमागे प्रश्न एकच असतो: पांढरेपणा आहे कुठे? हवेत, काचेवर, सेटिंगमध्ये की काचेच्या आत? एवढं ठरलं की निम्मं काम झालं.

१. जवळची काळी वस्तू

खर्च नाही, वेळ अर्धा मिनिट. जिथे फोटो बिघडला तिथेच उभं राहा आणि हातभर अंतरावरच्या एखाद्या काळ्या किंवा गडद वस्तूचा फोटो काढा. पाठीवरची सॅक, बूट, घाटातल्या कठड्याचा ओला दगड, काहीही चालेल. त्यात काळा रंग काळाच आला तर कॅमेरा ठीक आहे, पांढरेपणा हवेत आहे. जवळची वस्तूही राखाडी आली तर दोष तुमच्या बाजूला आहे, पुढे वाचा.

ही तपासणी इतकी खात्रीची का? धुक्यातला प्रत्येक थेंब थोडा उजेड विखरून तुमच्याकडे पाठवतो. अंतर वाढेल तसे मधले थेंब वाढतात आणि पांढरेपणा साचत जातो. म्हणून धुकं लांबच्या वस्तूला गिळतं आणि जवळचीला सोडून देतं. लेन्सवरचा तेलकट थर किंवा बाष्प अंतर ओळखत नाही. ते बुटावरही तेवढंच पसरतं आणि डोंगरावरही.

दोष हवेत निघाला तर कॅमेऱ्याला बोल लावू नका. दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली गेली की हवामानशास्त्रात त्याला धुकं म्हणतात. आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावर आपण ज्याला धुकं म्हणतो तो बहुतेकदा डोंगराला टेकलेला ढगच असतो. त्यात पन्नास पावलांवरचं झाडही धड दिसत नाही. तिथे दरीपलीकडच्या धबधब्यावर झूम करणं म्हणजे मधला सगळा पांढरेपणा मोठा करून घरी आणणं. झूम सोडा, जवळ जा. वाकडं झाड, मैलाचा दगड, कठड्यावरची माकडं असं काहीतरी गडद पुढे घ्या आणि मागचं धुकं मागेच राहू द्या.

सूर्य कुठे आहे तेही बघा. थेंब बराचसा उजेड पुढच्याच दिशेला फेकतात, त्यामुळे सूर्याकडे तोंड करून काढलेल्या फोटोत धुकं जास्त भडक दिसतं. सूर्य पाठीशी घेतला की तेच दृश्य बरंच निवळतं. (हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य, दिसतं तेसुद्धा सूर्य पाठीशी आणि धुकं समोर दरीत असलं तरच. त्यामुळे धुक्यावर फार राग धरू नये.)

पाऊस नसतानाचा धुरकटपणा वेगळा. एप्रिल-मेमध्ये हवेतली धूळ असते, थंडीतल्या सकाळी दरीत अडकून बसलेला धूर. त्यात पोलरायझर फिल्टर (चकाकी कमी करणारी, लेन्सपुढे लावायची काच) थोडी मदत करतो, तीही सूर्याच्या काटकोनात बघत असाल तर. दाट धुक्यात त्याचा जवळपास उपयोग नाही. ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी मारायला मात्र तो अजोड आहे. लांबचे डोंगर एकामागे एक स्वच्छ हवे असतील तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या सकाळी जा. पावसाने धुतलेल्या त्या हवेची बरोबरी कुठलंही ॲप करू शकत नाही.

२. काच पुसा, पण नीट

माझ्याकडे येणाऱ्या मोबाइलपैकी सगळ्यात जास्त इथेच बरे होतात, आणि मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मोबाइल तिरका धरा आणि खिडकीचा उजेड लेन्सच्या काचेवरून सरकू द्या. स्वच्छ काचेवर उजेडाचा ठिपका धारदार दिसतो. वापरातल्या मोबाइलवर बोटाचा ठसा, त्यावर घामाचा पांढुरका थर आणि टपरीवरच्या कांदाभज्यांचं तेल असं सगळं एकावर एक बसलेलं असतं. मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेवर एखादा डाग पडला तर तो काचेचा छोटा भाग व्यापतो. मोबाइलची काच वाटाण्याएवढी, तिच्यावर एकच ठसा सगळा फोटो झाकतो. दिव्यातून लांब रेघ निघत असेल तर ते बोट एका दिशेने फिरवून "पुसल्याचं" लक्षण. रेघ त्या पुसण्याच्या आडव्या दिशेला निघते.

पुसायचं कसं? आधी ब्लोअरने हवा मारा. शे-दोनशे रुपयांचा रबरी फुगा मिळतो, तो पुरतो. धुळीत वाळूचे कण असतात. ते न उडवता फडकं फिरवलं तर चरे पडतात आणि चऱ्याला उपाय नाही. मग काचेवर हलकी वाफ सोडा आणि चष्म्याच्या किंवा मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने मधून बाहेर, गोल गोल. रुमाल, टी-शर्टचं टोक, ओढणी नको. त्यात घामाचं मीठ आणि धुण्याच्या पावडरचा अंश असतो. पावसाचे थेंब असतील तर घासू नका, फडकं नुसतं टेकवून टिपून घ्या. फडकी दोन ठेवा आणि झिपच्या पिशवीत ठेवा. घाटात पहिलं फडकं तासाभरात ओलं होतं आणि ओल्या फडक्याने काच फक्त सारवली जाते.

समुद्रकिनारी वेगळं. वेळास, गुहागर, वेंगुर्ले, कुठेही लाटांचा फवारा काचेवर बसतो, वाळतो आणि मिठाचा थर राहतो. तो कोरडा पुसायचा नाही. फडक्याचं टोक पिण्याच्या पाण्यात भिजवून पिळा, त्याने मीठ विरघळवून घ्या आणि मग कोरड्याने पुसा.

मोबाइलच्या लेन्सवर चिकटवलेली ती वेगळी काच, लेन्स प्रोटेक्टर, काढून तोच फोटो पुन्हा काढा. स्वस्त प्रोटेक्टरच्या खाली दमट हवा अडकते आणि दोन काचांमध्ये उजेड इकडून तिकडे आपटतो. कॅमेऱ्यावरच्या यूव्ही फिल्टरचंही तेच. फिल्मच्या काळात तो कामाचा होता. डिजिटलवर तो फक्त काचेचं रक्षण करतो आणि हलक्या प्रतीचा असेल तर त्याबदल्यात फोटो पांढरा करतो. फिल्टर लावून एक, काढून एक, असे दोन फोटो शेजारी ठेवले की निकाल समोर असतो.

याच पायरीवर आणखी एक गोष्ट. ढगाळ दिवशी आकाश म्हणजे डोक्यावरचा एक प्रचंड पांढरा दिवा. तो फ्रेमच्या बाहेर असला तरी त्याचा उजेड तिरका लेन्समध्ये शिरतो आणि काळ्या रंगावर पांढरी झाक आणतो. लेन्सच्या वर हात, टोपी किंवा छत्री आडवी धरून बघा. पडद्यावर लगेच काळेपणा वाढलेला दिसला तर हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी आडोशाची कडी, वापरा. कॅमेऱ्यासोबत आलेला हूड उलटा लावून मिरवणारे खूप बघितलेत. तो सुलटा लावायचा असतो.

३. काच मळली आहे की थंड आहे?

पहिले काही फोटो धुरकट आणि नंतर बरे, हे लक्षण असेल तर ते दव आहे. एसीतून बाहेर पडल्यावर चष्मा पांढरा होतो, तेच लेन्सचं होतं.

हिशोब सोपा आहे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी जमणार. गाडीत एसी २२ वर असताना सीटवर पडलेला कॅमेरा २२ अंशांचा झालेला असतो. दार उघडलं की काच पांढरी.

इथे पुसणं फुकट जातं. काच थंड आहे तोवर ती पुन्हा पुन्हा धुरकटणार आणि तुम्ही पुन्हा पुन्हा घासणार. उपाय एकच, काच गरम व्हायला वेळ द्या. कॅमेरा बॅगेतच, बॅग बंद, आणि वीस-तीस मिनिटं थांबा. त्याहून बरं म्हणजे घाट चढायला लागलात की एसी बंद करून खिडक्या खाली करा. पोचेपर्यंत कॅमेरा बाहेरच्या हवेएवढा गरम होतो. हॉटेलच्या एसी खोलीत रात्रभर कॅमेरा उघडा ठेवून पहाटे सूर्योदयाला धावत सुटणाऱ्यांना हे कायम नडतं. कॅमेरा झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उघडण्याआधी पिशवीसकट बाहेर आणून ठेवा. पाणी पिशवीवर जमेल, काचेवर नाही.

दोन गोष्टी अजिबात करू नका. एक, काच धुरकटलेली असताना लेन्स बदलू नका. दमट हवा थेट थंड सेन्सरवर, म्हणजे आत फोटो टिपणाऱ्या पट्टीवर, जाते. दोन, केस वाळवायचा ड्रायर मारू नका आणि गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. लेन्सच्या आत वंगण असतं, काही भिंगं चिकटवलेली असतात, त्यांना ती उष्णता सोसत नाही.

बाष्प बाहेरून पुसलं जात नसेल, म्हणजे काचेच्या मागे दिसत असेल, तर या पायरीवर थांबू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

४. सेटिंग

हवा ठीक, काच ठीक, तरी फोटो राखाडी. आता पडद्याकडे वळा.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. धुकं असतं पांढरं. मीटरला वाटतं उजेड फार आहे, तो फोटो काळवंडतो, आणि शुभ्र धुक्याचा मळकट चिखल होतो. एक्स्पोजर अधिक ०.७ ते अधिक १ करा. मोबाइलवर पडद्यावर बोट टेकवलं की शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते वर सरकवा. आकाश पूर्ण पांढरं फुटेपर्यंत नको. कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ फाइल ठेवा. जेपेगमध्ये नंतर कॉन्ट्रास्ट ओढला की आकाशात पट्टे पडतात, रॉमध्ये ओढायला जागा असते. एडिटिंगमधलं धुकं हटवायचं स्लायडर मी थोडंच वापरते. पूर्ण टोकाला नेलं की हिरवा डोंगर निळसर-जांभळा होतो आणि मूळ धुक्यापेक्षा वाईट दिसतो.

फोटोभर पांढरे फुगे हे फ्लॅशचं काम. संध्याकाळी मोबाइल आपणहून फ्लॅश मारतो, तो लेन्ससमोरच्या थेंबांवर आपटून परत येतो. फ्लॅश बंद. विषय संपला.

आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, बघा. आदल्या रात्री तंबूत काढलेल्या फोटोंसाठी ६४०० वर नेलेला असतो आणि सकाळी तसाच राहतो. मग दाणेदार, फिकट फोटो येतात आणि खापर पावसावर फुटतं.

फोकसची तक्रार बऱ्याचदा पांढरेपणाच्या तक्रारीत लपलेली असते. ऑटोफोकसला उजेड-अंधाराची कड लागते, धुक्यात कड नसते, म्हणून लेन्स पुढे-मागे घरघरत राहते किंवा काचेवरच्या थेंबालाच पकडते. धुक्यातल्या झाडाच्या गडद खोडावर फोकस धरा आणि मग फ्रेम सरकवा. तेही जमत नसेल तर मॅन्युअल करा आणि पडद्यावर मोठं करून बसवा. रिंग शेवटपर्यंत फिरवून "अनंतावर आलं" असं समजू नका, बऱ्याच लेन्स अनंताच्याही पुढे जातात.

एसटीच्या किंवा रेल्वेच्या बंद काचेतून काढताय? मग चार पायऱ्या विसरा, ती काचच दोषी आहे. लेन्स काचेच्या जवळजवळ टेकवा, आतला उजेड अंगावरच्या गडद जाकिटाने अडवा, एवढंच. बोरघाटात किंवा कोकण रेल्वेवर दारात लटकून मोबाइल बाहेर काढू नका, कुठलाच फोटो एवढा मोलाचा नसतो.

५. टॉर्च लावून आत बघा

इथपर्यंत काही सापडलं नाही आणि घरातही फोटो मऊच येतोय, तर दोष काचेच्या आत असू शकतो. लेन्स बदलता येत असेल तर आधी मित्राची लेन्स लावून तोच फोटो काढा. फोटो स्वच्छ आला तर कॅमेरा निर्दोष, लेन्स संशयित.

मग लेन्स कॅमेऱ्यावरून काढा. पुढचं आणि मागचं झाकण काढा. ॲपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची) कडी असलेली लेन्स असेल तर ती सगळ्यात मोठ्या उघडीवर फिरवा. खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारून पुढून आत बघा. समोरासमोर बघू नका, नजरेला तिरीप लागते आणि दिसतही काही नाही. लेन्स सावकाश फिरवत राहा. एका कोनात आतलं सगळं एकदम उजळतं. आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो, कारण नवीकोरी लेन्ससुद्धा या उजेडात धुळीने भरलेली दिसते.

धूळ म्हणजे सुटे ठिपके. चार-पाच असोत की पंधरा-वीस, फोटोवर काही परिणाम नाही. यासाठी लेन्स खोलायला देऊ नका, कुणी आग्रह केला तरी. फंगस, म्हणजे बुरशी, वेगळी दिसते. कडेपासून आत सरकणारे बारीक फाटे, कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बर्फाच्या नक्षीसारखे पांढुरके धागे. तिसरा प्रकार सगळ्या भिंगावर एकसारखा पसरलेला धुरकट पडदा. ना ठिपके ना धागे. तो बहुधा आतल्या वंगणाच्या वाफेचा असतो, जुन्या लेन्समध्ये जास्त. कडेला इंद्रधनुषी तेलकट चकाकी असेल तर चिकटवलेली भिंगं सुटायला लागलीत. मागची काच विशेष नीट बघा. मागच्या काचेवरचा बोटाचा ठसा पुढच्यापेक्षा फोटोवर कितीतरी जास्त उमटतो, आणि तो पुसणं तुमच्याच हातात आहे.

फंगसला दमट, अंधारी, न हलवलेली जागा आवडते. म्हणजे अगदी आपलं कपाट. आर्द्रता कित्येक दिवस ७० टक्क्यांच्या वर राहिली की ती पसरते. कोकणात आणि मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुसरं काय असतं? चामड्याचं कव्हर तर तिचं आवडतं घर. कॅमेरा त्या कव्हरमधून काढून ठेवा. किराण्याच्या दुकानातला रबरी कडा असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला की पुरे. फार कोरडंही नको, आतली वंगणं आणि रबर आखडतात. सिलिका जेलचा रंग बदलला, निळं गुलाबी झालं किंवा नारिंगी हिरवं झालं, की ते भरलं. पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरणं हा उपाय नाही. तांदूळ फार कमी ओल शोषतो आणि पीठ मात्र फटीफटीत शिरतं. लेन्स बऱ्याच असतील तर ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट घ्या, काही हजारांत येतं आणि एका लेन्सच्या दुरुस्तीत वसूल होतं.

६. आकाशातले ठिपके

हे दुधाळपणाचं भावंड म्हणून इथे घेतलं. ठिपके दर फोटोत त्याच जागी असतील आणि लेन्स बदलूनही जात नसतील तर धूळ सेन्सरवर आहे. एफ/१६ किंवा एफ/२२ (म्हणजे लहान ॲपर्चर) लावा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा ढगाळ आकाशाचा फोटो काढा. लहान ॲपर्चरला धुळीची सावली कडक पडते, एफ/२.८ ला ती इतकी पसरते की दिसतच नाही. म्हणूनच लहान ॲपर्चरवर काढलेले दरीचे फोटो डागाळतात आणि मोठ्यावर काढलेले माणसांचे नाही.

आधी मेनूतलं सेन्सर सफाईचं काम दोन-तीनदा चालवा. नाही गेलं तर बॅटरी पूर्ण भरून घ्या (मधेच संपली तर शटर मिटतं आणि मध्ये काही असेल तर तुटतं), आरसा असलेल्या कॅमेऱ्यात मेनूतून आरसा वर करा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि ब्लोअरने हवा मारा. नळी आत घालायची नाही. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे थेंब धुळीपेक्षा वाईट. दाबाच्या हवेचा डबाही नको, त्यातला द्रव सेन्सरवर उडतो. फोटोतला ठिपका डावीकडे वर असेल तर कॅमेऱ्याचं तोंड आपल्याकडे करून बघितल्यावर तो सेन्सरवर डावीकडे खाली असतो, कारण लेन्स प्रतिमा उलटी पाडते. तिथे जास्त हवा मारा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

ब्लोअरनेही ठिपका हलला नाही तर तो चिकट आहे. ओल्या स्वॅबने सेन्सर पुसायचे व्हिडिओ बघून हात शिवशिवतील, पण सेन्सर बदलण्याचा खर्च ऐकून घ्या आणि मग ठरवा. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा तरी जाणकाराकडून करून घ्या.

लेन्सच्या आतल्या भिंगांवर फंगस असेल तर खोलू नका. भिंगं परत बसवताना केसाएवढी सरकली तरी फोटोची एक बाजू कायमची मऊ होते. फंगसने भिंगावरचा लेप (कोटिंग) खाल्ला असेल तर सफाईनंतरही खुणा राहतात, म्हणून लवकर दाखवा. उन्हात ठेवून ती मरते असं म्हणतात. मेली तरी धागे तिथेच राहतात.

आतलं बाष्प कोरड्या डब्यात दिवसभर ठेवूनही गेलं नाही तर द्या. मोबाइलच्या लेन्समागे बाष्प दिसलं तर तो चार्जिंगला लावू नका, बंद करा आणि द्या. आयपी६८ (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा) लिहिलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती चाचणी नव्या मोबाइलवर, स्वच्छ आणि स्थिर पाण्यात होते. दोन वर्षं वापरलेल्या, एकदोनदा पडलेल्या मोबाइलचं सील तसं राहत नाही.

कॅमेरा समुद्राच्या पाण्यात पडला असेल तर वर लिहिलेलं काहीच करू नका. बॅटरी काढा, चालू करून बघण्याचा मोह टाळा आणि त्याच दिवशी न्या. मीठ आतल्या तारा खातं आणि ते थांबत नाही. लेन्स फिरवताना किरकिर येत असेल किंवा ॲपर्चरच्या पात्यांवर तेल दिसत असेल, तेही दुकानाचंच काम. वॉरंटी चालू असेल तर एकही स्क्रू सोडवू नका.

दुकानात जाताना "फॉग येतो" असं सांगू नका, त्याचा अर्थ काहीही होतो. पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ चा एक फोटो, दिवसाउजेडी काढलेला एक साधा फोटो आणि टॉर्चच्या उजेडात दिसलेल्या धाग्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो, हे तीन सोबत न्या. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्या. लेपावर खुणा राहतील का आणि भिंगं पुन्हा जुळवून तपासून देणार का, हे दोन प्रश्न विचारा. कॅमेऱ्यासोबत आलेली साधी १८-५५ लेन्स असेल तर सफाईच्या पैशात तशीच दुसऱ्या हाताची लेन्स मिळते का ते आधी बघा. बऱ्याचदा मिळते. घेताना मात्र टॉर्च खिशात असू द्या.